घडवणारे पुस्तक नेमके कोणते, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांत ‘मला घडवणारी पुस्तके’, ‘आयुष्याला वळण देणारा चित्रपट’ अशा धर्तीचे लेख नेमाने येतात आणि ते आवडीने वाचलेही जातात. लेखाचे कात्रण घेऊन माणसे ग्रंथालयात येतात, पुस्तक नेतात, आणि परत करताना म्हणतात, ‘लेखात लिहिलं होतं तसं यात काही नाही.’ चित्रपटांचेही तसेच. बहुतेक वेळा दोष वाचकाच्या आकलनाचा नसतो आणि लेखकाच्या अतिशयोक्तीचाही नसतो. दोघांच्या हातात एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तू पडलेल्या असतात. लेखात पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव तेवढे छापले जाते. आवृत्ती, अनुवादक, वर्ष, चित्रपटाची लांबी यांतले काहीच छापले जात नाही. म्हणून पुस्तकांच्या आणि चित्रपटांच्या नोंदी ठेवण्याचे काम रोज करणाऱ्यांच्या वतीने हे पत्र.

हा तपशिलाचा अट्टहास वाटू नये, यासाठी आधी एक उदाहरण. अँथनी बर्जेस यांची ‘ए क्लॉकवर्क ऑरेंज’ ही कादंबरी १९६२ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. तिचे तीन भाग आहेत आणि प्रत्येक भागात सात प्रकरणे, म्हणजे एकूण एकवीस. शेवटच्या प्रकरणात हिंसेत रमलेला तरुण नायक मोठा होऊ लागतो, त्याला त्या आयुष्याचा कंटाळा येतो, आपलेही घर असावे, मूल असावे असे वाटू लागते. अमेरिकी आवृत्तीत हे प्रकरण गाळले गेले आणि १९८६ पर्यंत तिथे वीस प्रकरणांचेच पुस्तक विकले जात होते. १९७१ चा स्टॅन्ली कुब्रिक यांचा चित्रपटही त्या शेवटाशिवायच आहे. आता ‘या कादंबरीने माणसाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली’ असे कोणी लिहिले, तर कोणती दृष्टी? वीस प्रकरणांचे पुस्तक सांगते की माणूस बदलत नाही. एकविसावे सांगते की बदलतो. प्रकरणांची संख्या छापली असती तर वाचकाला एका आकड्यात उत्तर मिळाले असते.

मराठी वाचकाला अधिक लागेल असे उदाहरण ज्यूल व्हर्न यांचे आहे. ‘मिस्टीरियस आयलंड’ ही कादंबरी फ्रेंचमध्ये १८७४-७५ मध्ये आली. तिच्या शेवटी कळते की पाणबुडीतला कॅप्टन निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार आहे आणि १८५७ च्या उठावात तो इंग्रजांविरुद्ध लढला होता. १८७५ चा डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांच्या नावावरचा इंग्रजी अनुवाद पुढे शंभराहून अधिक वर्षे छापला जात राहिला. त्यात याच जागी मजकूर फिरवलेला आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानला अराजकातून बाहेर काढून शांतता आणि समृद्धी दिली, अज्ञानी प्रजा महत्त्वाकांक्षी संस्थानिकांच्या नादी लागली, असा सूर तिथे लावला आहे. व्हर्न यांनी तसे लिहिलेले नाही. निमोच्या आधीच्या कादंबरीच्या, ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’च्या, १८७२ च्या इंग्रजी अनुवादातही मूळ मजकुराचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा गेलेला आहे, आणि आकड्यांच्या चुका आहेत त्या वेगळ्याच. असल्या इंग्रजी प्रतीवरून पुढच्या भाषेत अनुवाद झाला की कापलेले कापलेलेच राहते आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. लहानपणी निमोने भारून टाकलेला माणूस नेमक्या कोणत्या निमोबद्दल बोलतो आहे, हे अनुवादकाच्या नावाशिवाय ठरवता येत नाही. म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी: परभाषेतले पुस्तक असेल तर अनुवादकाचे नाव आणि अनुवाद कोणत्या भाषेवरून केला आहे, या दोन गोष्टी लेखकाच्या नावाइतक्याच ठळक छापाव्यात.

अॅन फ्रँकची डायरी १९४७ साली डचमध्ये निघाली तेव्हा तिच्या वडिलांनी काही भाग वगळले होते. १९९१ च्या विस्तारित आवृत्तीत त्यांतले बरेच भाग परत आले. आईबद्दलचा राग आणि वयात येण्याबद्दलचे मोकळे लिखाणही त्यांत आहे. तेराव्या वर्षी जुनी प्रत वाचलेल्या मुलीला आणि नवी प्रत वाचलेल्या मुलीला दोन वेगळ्या मैत्रिणी भेटल्या. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीच्या १८१८ आणि १८३१ या दोन पाठांतही असाच फरक आहे: पहिल्यात नायक स्वतःच्या निवडीने चुकतो, दुसऱ्यात नियती त्याला ओढत नेते. अशी यादी वाढवता येईल, पण मुद्दा एवढ्यानेही पोचावा.

आता ही माहिती लेखकाने काढायची कशी? प्रत हाताशी असेल तर काम पाच मिनिटांचे आहे. शीर्षकाचे पान उलटावे. त्याच्या मागच्या बाजूला बारीक टाइपात प्रकाशकाचे नाव, स्वामित्वहक्काची ओळ, पहिल्या आवृत्तीचे साल आणि पुढच्या आवृत्त्यांची साले असतात. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, सर्वांत वरचे साल उचलणे. ते पहिल्या आवृत्तीचे असते, हातातल्या प्रतीचे नव्हे. दुसरी, आवृत्ती आणि पुनर्मुद्रण एकच समजणे. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो, फक्त पुन्हा छापलेला. आवृत्ती बदलली की मजकुरात फेरफार झाला असण्याची शक्यता असते, आणि ‘सुधारित’, ‘संवर्धित’ किंवा ‘संक्षिप्त’ असे लिहिले असेल तर तो झालेलाच असतो. मात्र पुष्कळ प्रकाशक साध्या पुनर्मुद्रणालाही आवृत्ती म्हणतात. तेव्हा दोन्ही साले टिपावीत: मजकूर पहिल्यांदा आला ते आणि ही प्रत छापली ते. इंग्रजी पुस्तकांत याच पानावर तळाशी ‘१० ९ ८ ७ ६ ५ ४’ अशी आकड्यांची ओळ दिसते. तिच्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे मुद्रणाचा क्रमांक. इथे ते चौथे मुद्रण झाले. काही प्रकाशक हे आकडे सरळ क्रमाने न लावता विषम एकीकडे आणि सम दुसरीकडे असे लावतात. तरी नियम तोच, सर्वांत लहान आकडा पाहायचा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक असेल तर तोही घ्यावा, कारण एकाच पुस्तकाच्या कापडी बांधणीला आणि पेपरबॅकला वेगवेगळे क्रमांक असतात. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी झाला, त्याआधीच्या पुस्तकांवर दहा अंकी सापडेल. छापताना यात चुका फार होतात. तेरा अंकी क्रमांक तपासण्याची सोपी रीत अशी: पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला १ ने, चौथ्याला ३ ने, असे आळीपाळीने गुणत जावे आणि सगळ्यांची बेरीज करावी. बेरीज दहाच्या पटीत आली तर क्रमांक बरोबर. ९७८०३०६४०६१५७ हा क्रमांक घेतला तर बेरीज बरोबर १०० भरते. एक जरी अंक चुकला तरी हा हिशेब जमत नाही. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरीही बहुतेक वेळा चूक पकडली जाते, फक्त त्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल तर निसटते. १९७० च्या आधीच्या पुस्तकांना हा क्रमांकच नाही. तिथे प्रकाशक, साल आणि पृष्ठसंख्या एवढे पुरते.

पृष्ठसंख्या क्षुल्लक वाटते, पण संक्षिप्त प्रत ओळखायला तिच्याइतके कामाचे दुसरे काही नाही, निदान प्रकरणांची संख्या ठाऊक नसेल तेव्हा. एखाद्या भरगच्च पानावरच्या दहा पूर्ण ओळींतले शब्द मोजून दहाने भागावे, म्हणजे ओळीमागचे शब्द मिळतात. त्याला पानावरच्या ओळींनी आणि मग पानांनी गुणावे. समजा ओळीत ९ शब्द, पानावर २८ ओळी आणि २४० पाने असतील तर ६०,४८०. प्रकरणांची कोरी जागा आणि संवादांच्या अर्ध्या ओळी यांसाठी साधारण दहावा हिस्सा वजा केला की ५४ हजारांच्या आसपास येतात. हा आकडा मूळ पुस्तकाशी ताडताना एक काळजी घ्यावी. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, त्यामुळे इंग्रजीवरून केलेला संपूर्ण अनुवादही शब्दसंख्येत कमीच भरतो. थोडी तूट दिसली म्हणून अनुवादकावर काटछाटीचा आरोप करू नये. पण मूळ दोन लाख शब्दांचे आणि अनुवाद साठ हजारांचा असेल तर शंकेला जागाच नाही. शीर्षकपानावरचा शब्दही पाहावा. ‘रूपांतर’ असेल तर माणसांची आणि गावांची नावे बदललेली असू शकतात. ‘भावानुवाद’ किंवा ‘स्वैर अनुवाद’ असेल तर परिच्छेद हलवले, गाळले असण्याची तयारी ठेवावी. ‘कुमारांसाठी’ म्हणजे जवळजवळ नेहमीच संक्षेप. यांतले काहीही कमी दर्जाचे आहे असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. कुमारांसाठीच्या दीडशे पानांनी कित्येकांना वाचनाची गोडी लावली आहे. फक्त तसे सांगावे, म्हणजे वाचक सातशे पानांची प्रत नेऊन पन्नासाव्या पानावर सोडून देणार नाही.

प्रत हाताशी नसेल तर? मुखपृष्ठाचा रंग, पुस्तकाचा आकार, आतली चित्रे, कोणत्या इयत्तेत वाचले, एवढी आठवण असली तरी माग लागतो. मोठ्या ग्रंथालयांच्या सामायिक सूचीत लेखकाच्या नावावर शोध घेऊन प्रकाशनसालाने गाळणी लावावी आणि वाचल्याच्या सालानंतरच्या सगळ्या आवृत्त्या बाजूला काढाव्यात. अनुवादित पुस्तकाच्या बाबतीत उरतात त्या सहसा एक-दोनच. याच मार्गाने स्मरणशक्तीची तपासणीही होते. अनुवाद निघाला त्याच्या चार वर्षे आधीच तो वाचल्याचे लेखात आले, तर साल चुकले आहे किंवा पुस्तक दुसरेच होते. असे घडते, कारण चित्रपट आधी पाहिलेला असतो, पुस्तक नंतर वाचलेले असते आणि आठवणीत दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून ज्याचा चित्रपट निघाला आहे असे पुस्तक असेल तर आधी काय घडले, वाचन की पाहणे, हे लेखात यायला हवे. आधी चित्रपट पाहिलेल्याला नायकाचा चेहरा मिळालेला असतो, आधी पुस्तक वाचलेल्याने तो स्वतः घडवलेला असतो.

अवतरणांबद्दल थोडे. अशा लेखांत आवडते वाक्य दिले जाते आणि ते बहुधा आठवणीतून दिले जाते. छापण्याआधी ते पुस्तकात शोधावे आणि संदर्भ पानाचा न देता प्रकरणाचा द्यावा, कारण पाने आवृत्तीगणिक बदलतात, प्रकरणे सहसा बदलत नाहीत. स्कॅन केलेल्या पुस्तकांत संगणकाने शोधताना देवनागरीची एक अडचण लक्षात ठेवावी. अक्षरओळख यंत्राची ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘ब’ आणि ‘व’, ‘थ’ आणि ‘य’ यांत गल्लत होते आणि जोडाक्षरे तर फारच फसतात. त्यामुळे पूर्ण वाक्य टाकले तर ‘सापडले नाही’ असेच उत्तर येते. वाक्यातला जोडाक्षर नसलेला, जरा कमी वापरातला एकच शब्द टाकावा आणि आलेली पाने डोळ्यांनी चाळावीत. सुविचारांच्या संग्रहात एखाद्याच्या नावावर असलेले वाक्य त्याच्या पुस्तकात मिळाले नाही तर ते लेखातून काढावे. ‘असे म्हटले जाते’ ही पळवाट नको.

चित्रपटांकडे वळतो. इथे गोंधळ जास्त आहे, कारण चित्रपट बदलला तरी त्याचे वेष्टन आणि नाव तेच राहते. फ्रिट्झ लँग यांचा ‘मेट्रोपोलिस’ जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला प्रथम दाखवला तेव्हा ४,१८९ मीटर लांब होता. त्यानंतर परदेशी वितरणासाठी त्यातला सुमारे चौथा हिस्सा कापला गेला. अमेरिकी प्रतीतून हेल नावाची मृत स्त्रीच नाहीशी झाली. तिच्या विरहापोटी शास्त्रज्ञ यंत्रमानवी बांधतो, हा सगळा कथेचा कणाच गेला आणि शास्त्रज्ञ उगाच वेडा ठरला. २००८ साली ब्यूनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिमीची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली आणि २०१० मध्ये दुरुस्त केलेला चित्रपट लोकांसमोर आला. मधल्या ऐंशी वर्षांत ज्यांनी हा चित्रपट पाहून स्थापत्य किंवा दिग्दर्शनाची वाट धरली, त्यांनी वेगळी कथा पाहिली होती. रिडली स्कॉट यांच्या ‘ब्लेड रनर’च्या १९८२ च्या प्रतीत नायकाचे निवेदन आणि सुखान्त शेवट आहे. १९९२ च्या प्रतीत दोन्ही नाहीत, आणि एक लहानसे स्वप्नदृश्य आले आहे. २००७ ची प्रत पुन्हा निराळी. तेव्हा चित्रपटाच्या नावापुढे दिग्दर्शक आणि साल यांबरोबर आपण पाहिलेल्या प्रतीची लांबी मिनिटांत द्यावी. प्लेअरच्या पट्टीवर ती आयती दिसते.

लांबी ताडून पाहताना एका फरकाने नेहमी फसगत होते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे फ्रेम्सनी, चित्रित झालेला असतो. पॅल या टीव्ही-प्रक्षेपणाच्या पद्धतीत टीव्हीसाठी आणि डीव्हीडीसाठी तो बहुधा २५ ने चालवला जातो. त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. एकही दृश्य कापलेले नसते. चित्रपटगृहातली लांबी ०.९६ ने गुणावी. डिस्कवरची लांबी तेवढीच भरली तर प्रत पूर्ण आहे. त्याहून दोन-तीन मिनिटे कमी असेल तरच कात्री शोधावी. जुन्या नोंदींत लांबी मिनिटांत नसून फुटांत किंवा मीटरांत असते. ३५ मिमीची फिल्म २४ च्या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर सरकते. १६ मिमीची ३६ फूट. या हिशेबाने ‘मेट्रोपोलिस’चे ४,१८९ मीटर १५३ मिनिटांचे होतात. पण हाच मूकपट २० च्या वेगाने चालवला तर १८३ मिनिटे होतील. मूकपटांचा वेग ठरलेला नव्हता. १६ ते २४ च्या मध्ये कुठेही असे. त्यामुळे मूकपटाची लांबी देताना वेगही द्यावा लागतो. जुन्या चित्रपटांत माणसे तुरुतुरु धावताना दिसतात तो दोष चित्रपट दाखवण्याच्या पद्धतीचा आहे, करणाऱ्यांचा नव्हे. कमी वेगाने चित्रित केलेली फिल्म जास्त वेगाने सोडलेली असते. तसली प्रत पाहून ‘त्या काळचा अभिनय बटबटीत होता’ असे मत बनवणे अन्यायाचे आहे.

यानंतर पडद्यावरच्या चित्राचा आकार. रुंद पडद्यासाठी २.३५ ला १ या (रुंदीला उंची) प्रमाणात चित्रित केलेला चित्रपट जुन्या ४ ला ३ टीव्हीवर पडदाभर दाखवला की चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग बाजूंनी कापला जातो. टीव्हीवरच चित्रपट पाहून मोठी झालेली एक पिढी आहे, तिने कित्येक चित्रपट असे निम्म्याहून थोडेच जास्त पाहिलेले आहेत. हे ओळखायचे कसे? सुरुवातीची श्रेयनामावली काळ्या पट्ट्यांसह रुंद दिसते आणि ती संपताच चित्र पडदा भरून टाकते. दोन माणसे समोरासमोर बोलत असतील तर एकाचे नुसते नाक कडेला दिसते, किंवा माणूस रिकाम्या जागेशी बोलतो आहे असे वाटते. कॅमेरा कारण नसताना आडवा सरकतो, आणि तो सरकणे जरा झटक्याचे असते, कारण तो कॅमेरामनने नव्हे तर टीव्हीसाठी प्रत बनवणाऱ्याने सरकवलेला असतो. आजकाल उलटेही होते. जुना १.३७ प्रमाणातला चित्रपट १६ ला ९ च्या पडद्यावर पूर्ण भरवला की वरून आणि खालून मिळून जवळपास २३ टक्के जातो. कपाळे आणि पावले कापलेली दिसली की हे समजावे, नृत्यात तर लगेच लक्षात येते. तिसरा प्रकार ताणलेल्या चित्राचा. गाडीचे चाक, घड्याळ किंवा चंद्र अंडाकृती दिसत असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचे प्रमाण चुकले आहे. त्याच मेनूत हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करावी. ती मधल्या नसलेल्या चौकटी स्वतः बनवते आणि चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो.

भाषा सांगणे तर फारच गरजेचे आहे: मूळ भाषेत सबटायटलसह पाहिला, की डब केलेला? सबटायटलमध्ये एका वेळी दोनच ओळी बसतात आणि ओळीत साधारण ३५ ते ४२ अक्षरे. प्रेक्षकाला वाचायला वेळ मिळावा म्हणून संवाद आटोपशीर करावाच लागतो. त्यामुळे ‘त्या चित्रपटातला तो संवाद मला आयुष्यभर पुरला’ असे लिहिताना तो संवाद पात्राचा आहे की सबटायटल लिहिणाऱ्याचा, हे पाहावे. लेखकाने तो ऐकला की वाचला एवढे सांगितले तरी चालेल. वाचक स्वतः चित्रपट मिळवून पाहू लागला आणि सबटायटल आवाजाशी जुळेना, तर आरंभी आणि शेवटी दोन्हीकडे फरक मोजावा. दोन्हीकडे सारखाच असेल तर तेवढ्या सेकंदांनी पुढेमागे केले की झाले. फरक वाढत जाऊन तासाभरात अडीच मिनिटांवर गेला असेल तर तो वर सांगितलेल्या २४ आणि २५ चा घोळ आहे. तिथे पुढेमागे सरकवून उपयोग नाही, सबटायटलचा फ्रेमदर, म्हणजे सेकंदाला चौकटींचा हिशेब, बदलावा लागतो.

हे सगळे लेखात कोंबले तर लेख कोरडा होईल, अशी शंका संपादकीय विभागाला येईल आणि ती रास्त आहे. म्हणून तपशील लेखाबाहेर, शेवटी चौकटीत द्यावा. एका पुस्तकाला चाळीस शब्द पुरतात. नमुना असा: ‘ए क्लॉकवर्क ऑरेंज, अँथनी बर्जेस. प्रथम प्रकाशन १९६२. वाचलेली प्रत: इंग्रजी, पेपरबॅक, २१ प्रकरणे, १९८६ नंतरची. वाचले तेव्हाचे वय १९. चित्रपट त्यानंतर पाहिला. महत्त्वाचा वाटलेला भाग: शेवटचे प्रकरण.’ चित्रपटासाठी: ‘मेट्रोपोलिस, दिग्दर्शक फ्रिट्झ लँग, १९२७. पाहिलेली प्रत: २०१० ची दुरुस्त केलेली, चित्रपटगृहात, जर्मन पाट्या, इंग्रजी सबटायटल.’ पाच नोंदींना दोनशे शब्द लागतील. पाचांहून अधिक नावे लेखकाने देऊच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. वीस नावांची यादी वाचकाला काहीच सांगत नाही आणि लेखकालाही त्या वीसांपैकी कशाने काय केले हे सांगायला जागा उरत नाही. त्यापेक्षा दोनच पुस्तके घ्यावीत आणि प्रत्येकाचे प्रकरण, प्रसंग, आणि त्यानंतर आपण प्रत्यक्षात काय वेगळे करू लागलो ते लिहावे: कोणता विषय शिकायला घेतला, कोणते काम सोडले, कोणाशी बोलायला लागलो. ‘प्रगल्भ केले’, ‘समृद्ध केले’ या शब्दांवरून वाचकाला काहीच उचलता येत नाही.

विभागाकडून होणाऱ्या दोन गोष्टीही सुधाराव्यात. लेखासोबत मुखपृष्ठाचे चित्र टाकताना नव्या आवृत्तीचे किंवा भलत्याच अनुवादाचे टाकले जाते, आणि चित्रपटाच्या जागी त्याच नावाच्या नंतरच्या चित्रपटातले दृश्य. वाचक शोध घेतो तो त्या चित्राच्या आधारे, मजकुराच्या नव्हे. चित्र जुळत नसेल तर न टाकलेले बरे. आणि परदेशी नावे देवनागरीत पाच जण पाच तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे सूचीत ती सापडत नाहीत. चौकटीत एकदा मूळ लिपीतले नाव दिले की प्रश्न मिटतो.

याआधी छापून आलेल्या लेखांना चौकटी जोडता येतील का, हेही पाहावे. मूळ लेखकांना पाच प्रश्नांचे पत्र पाठवावे: भाषा, अनुवादक, साल, पाने किंवा मिनिटे, आणि वय. ज्यांना आठवत नसेल त्यांनी ‘आठवत नाही’ असे कळवावे, आणि तेही तसेच छापावे. वाचक ती कोरी जागा पाहून स्वतः शोधायला लागतात, आणि सापडले की विभागाला कळवतात.

कळावे,
आपले,
ग्रंथालय आणि फिल्म सोसायटीत काम करणारे काही वाचक